गीरचा सिंह आणि त्याचे शेजारी

गिरनारावर श्रीदत्तात्रेयांच्या पादुकांच्या दर्शनास आपल्या मंडळींपैकी कोणी ना कोणी दरवर्षी जातच असते. २०२० साली अंबाजीपर्यंत रज्जुमार्ग झाला, तरी पुष्कळ भाविक अद्याप जुन्या रीतीप्रमाणे मध्यरात्री काठी हाती घेऊन पायऱ्या चढू लागतात आणि उन्हे तापण्यापूर्वी गुरुशिखर गाठतात. त्या चढणीवर, पहिल्या हजार-दोन हजार पायऱ्या ओलांडीपर्यंत, नवख्या यात्रेकरूच्या तोंडी एक प्रश्न हमखास येतो: ‘येथे सिंह असतात म्हणे, ते खरे काय?’

ते खरे आहे. २०२५ च्या मे महिन्यात झालेल्या गणनेत गिरनारच्या अभयारण्यात पन्नासाहून अधिक सिंह मोजण्यात आले. नवरात्रात देवीच्या चरणांशी ज्याला आपण हळदकुंकू वाहतो, तो प्राणी त्या पायऱ्यांच्या आसपासच्या रानात प्रत्यक्ष वावरत असतो. आपल्या देवळांतील दगडी सिंह मात्र त्याच्यासारखा फारसा दिसत नाही. त्याचे डोळे वटारलेले, जिव्हा बाहेर आलेली आणि आयाळ लाडवांच्या रांगांसारखी गोल गोल कोरलेली. यात कारागिरांचा दोष नाही. नर्मदेच्या दक्षिणेस सिंहाची वस्ती असल्याचा विश्वासार्ह पुरावा मिळत नाही. तेव्हा दख्खनच्या पाथरवटाने सिंह घडविला तो ऐकीव वर्णनावरून आणि शिल्पशास्त्राच्या परंपरेवरून, हे उघड आहे. त्याच्या परिचयाचा प्राणी वाघ. म्हणूनच गावाच्या शिवेवर शेंदूर फासलेला वाघोबा सह्याद्रीत जागोजागी आढळतो. सिंहाचे तसे ठाणे आपल्याकडे नाही. उत्तरेत स्थिती निराळी होती. ऋग्वेदात सिंहाचा उल्लेख येतो, वाघाचा येत नाही. उलट सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर वाघ आहे, पण सिंह नाही. याची उपपत्ती पंडितांनी लावावी. प्रस्तुत लेखाचा विषय जिवंत सिंह हा आहे, आणि अवघ्या आशियातून नाहीसा झालेला हा प्राणी एकट्या सौराष्ट्रात कोणाच्या आधाराने टिकला, हा आहे.

प्रथम त्याचे रूप पाहू. गीरचा सिंह आफ्रिकेतील सिंहाचाच भाऊबंद होय. परंतु अंगाने किंचित लहान. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन १६० ते १९० किलो आणि मादीचे ११० ते १२० किलो भरते. ‘केसरी’ हे नाव त्याला आयाळीवरून मिळाले; पण गीरच्या नराची आयाळ मस्तकावर विरळ असते आणि त्यामुळे त्याचे कान स्पष्ट दिसतात. आफ्रिकेच्या सिंहाचे कान बहुधा केसांत बुडालेले असतात. दुसरी खूण म्हणजे पोटाखाली लांबवर लोंबणारी कातडीची घडी. गीरच्या जवळजवळ प्रत्येक सिंहास ती असते, आफ्रिकेत क्वचित.

त्याची गृहस्थिती अधिक मनोरंजक आहे. मांजरकुळातील वाघ, बिबट्या इत्यादी मोठे प्राणी एकलकोंडे. सिंह तेवढा कुटुंबवत्सल. आफ्रिकेत चार-सहा माद्या, त्यांची पिले आणि दोन-तीन नर असा मोठा कळप एकत्र आढळतो. गीरमध्ये कळप लहान, बहुधा दोन-तीन माद्यांचा. नर त्यांच्याबरोबर नित्य राहत नाहीत. दोन-दोन, तीन-तीन नर जोडी करून हिंडतात आणि समागमाच्या वेळी अथवा मोठी शिकार पडली असता तेवढे माद्यांकडे येतात. याचे कारण भक्ष्यात आहे. आफ्रिकेच्या माळावर झेब्रा किंवा रानरेडा पडला तर दहा तोंडांना पुरतो. गीरच्या सागवानी रानातील मुख्य भक्ष्य चितळ, आणि ते दोघी-तिघींनाच पुरते. ‘सिंहाचा वाटा’ हा शब्दप्रयोग आपण इंग्रजांकडून घेतला. गीरमध्ये तो वाटा मिळविण्यासाठी नराला बरेचदा स्वतःच शिकारीस जावे लागते.

मादी साधारण ११० दिवसांनी वितें, दोन किंवा तीन छावे होतात आणि काही आठवडे ती त्यांना झुडपांत किंवा ओढ्याच्या कपारीत लपवून ठेवते. या लपविण्याचे कारण बहुधा परके नर हेच असते. एखाद्या जोडीने दुसऱ्या जोडीस हुसकून प्रदेश जिंकला, की आधीच्या नरांची पिले ते मारून टाकतात. गीरमधील संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले, की येथील माद्या भोवतालच्या निरनिराळ्या नरजोड्यांशी संबंध ठेवतात. त्यामुळे पिले कोणाची याविषयी संभ्रम राहतो आणि त्यांच्यावरील संकट टळते. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास नर छाव्यांना कळप सोडावा लागतो. हेच तरुण, बेघर नर पुढे गावांच्या शिवारांत शिरतात. माणसाशी त्यांचा संबंध येतो तो येथून.

एके काळी हा सिंह सीरिया आणि इराणपासून बिहारपर्यंत पसरला होता. मोगल बादशहांनी सिंहाची शिकार स्वतःकडे राखून ठेवली होती, त्यामुळे त्याला काही संरक्षणच मिळाले. बंदुका सार्वत्रिक झाल्या, कंपनीचे अधिकारी आणि संस्थानिक शिकारीस निघू लागले, आणि एका शतकाच्या आत सर्व आटोपले. सिंह वाघासारखा दाट रानात दडत नाही. उघड्या माळावर कुटुंबासह बसतो आणि गर्जना करून आपला ठावठिकाणा स्वतःच सांगतो. घोड्यावरून बंदूक चालविणाऱ्यास याहून सोपे लक्ष्य कोणते? आमच्या बडोद्याच्या परिसरातील त्याची अखेरची नोंद १८३२ ची सांगितली जाते. विश्वामित्रीच्या काठी आज मगरी पाहावयास गर्दी करणाऱ्या मुलांना हे सांगून पाहावे. त्यांचा विश्वास बसत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काठेवाडाबाहेर हिंदुस्थानात सिंह उरला नव्हता. इराणातील सिंहही पुढे विसाव्या शतकात संपला.

काठेवाडात तो राहिला, याचे श्रेय प्रथम जुनागडच्या नवाबांना दिले पाहिजे. १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ, ज्याला विक्रम संवत १९५६ वरून गुजरातेत ‘छप्पनियो’ म्हणतात, त्यात गुरे मेली, माणसे मेली, रानातील जनावरेही मेली. त्याच १९०० साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांचा जुनागडचा दौरा ठरला होता आणि सिंहाच्या शिकारीचा बेत होता. सिंह थोडे उरले आहेत अशी ओरड झाली, तेव्हा कर्झन यांनी शिकार रद्द केली आणि नवाबांना सिंहाचे रक्षण करण्याचा सल्ला दिला. ‘बाराच सिंह उरले आहेत’ ही त्या काळची प्रसिद्ध संख्या मात्र जपून घ्यावी. शिकारीची परवानगी मागणाऱ्या बड्या पाहुण्यांना नकार देणे संस्थानास सोपे जावे म्हणून ती मुद्दाम कमी सांगितली जात असे, असे अभ्यासकांचे मत आहे, आणि ते पटण्याजोगे आहे. कसेही असो, संस्थानाने शिकार आवरली. १९३६ च्या मोजणीत २८७ सिंह आढळले.

परंतु नवाबांचा हुकूम जुनागडात निघत होता आणि सिंह राहत होता नेसांत राहणाऱ्या मालधाऱ्यांच्या अंगणापाशी. ‘माल’ म्हणजे गुरेढोरे. ती बाळगणारा तो मालधारी. रबारी, चारण, भरवाड अशा जातींची ही कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या गीरच्या रानात म्हशी राखून राहिली. त्यांच्या लहानशा वस्तीस नेस म्हणतात: मातीकुडाची काही घरे, मध्ये गोठे, आणि सभोवार बाभळीबोरीच्या काट्यांचे उंच कुंपण. दिवसा म्हशी रानात चरतात, दिवस मावळण्यापूर्वी कुंपणाच्या आत येतात, आणि रात्री बाहेरून सिंहाची गर्जना ऐकू येत असते. तूप विकावे, त्यावर धान्य घ्यावे, असा संसार. जाफराबादी म्हैस अंगाने अवाढव्य असते आणि कळपाने असली तर शिंगे रोखून सिंहास उभे राहू देत नाही. गाय, वासरू किंवा मागे रेंगाळलेले एकटे जनावर मात्र सापडते. मालधारी सिंहास ‘सावज’ म्हणतात. मराठीत ‘सावज’ म्हणजे ज्याची शिकार करावयाची तो प्राणी. तेथे शिकार करणाऱ्यालाच ते नाव आहे. दोन शेजारी भाषांतील ही गंमत सहज लक्षात आली म्हणून नोंदविली.

या शेजाराची किंमत काय होती, हे १९७० च्या सुमारास प्रथम मोजले गेले. पॉल जॉस्लिन या संशोधकाने गीरमध्ये राहून सिंहाच्या आहाराची पाहणी केली. त्यात तीन-चतुर्थांश भाग पाळीव जनावरांचा निघाला. याचा अर्थ असा, की १९६५ साली गीर अभयारण्य झाले असले तरी सिंहाचे पोट सरकार भरत नव्हते, रानही पुरते भरत नव्हते. मालधाऱ्यांची आणि भोवतालच्या गावकऱ्यांची गुरे त्याला जगवीत होती. सिंहाला ते भक्ष्यही धडपणे लाभत नसे. जनावर पडले की कातडे मिळावे म्हणून गावकरी सिंहास हाकून लावीत, आणि कातडे काढलेला सांगाडा पुढे गिधाडांच्या वाट्यास जाई. १९६८ च्या गणनेत सिंह १७७ भरले. १९५५ साली ते २९० होते.

यानंतर जे झाले त्याविषयी एकच एक मत देणे मला तरी कठीण वाटते. १९७२ पासून गीरभोवती दगडी बांध घालण्यात आला, बाहेरच्या गुरांना चराईची बंदी झाली, आणि रानातील मालधाऱ्यांना बाहेर वसविण्याचा कार्यक्रम निघाला. त्या वेळी १२९ नेसांत ८४५ कुटुंबे होती. पुढील दीड दशकात त्यांतील सुमारे सहाशे बाहेर काढण्यात आली. १९७५ साली मध्यभागाचा प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला आणि तेथे एकही नेस उरला नाही. गवत वाढले, चितळ-सांबर झपाट्याने वाढले, आणि १९८० नंतरच्या दशकात रवी चेल्लम यांनी केलेल्या पाहणीत सिंहाच्या आहारातील पाळीव जनावरांचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशावर आलेले दिसले. सिंहाच्या दृष्टीने हे निःसंशय हितकारक होते. मालधाऱ्यांना मोबदला म्हणून जमिनी मिळाल्या. परंतु ज्याने कधी नांगर धरला नाही त्याला कोरडवाहू तुकडा देऊन शेतकरी होता येत नाही. पुष्कळांच्या म्हशी गेल्या, कित्येक मजुरीस लागले. ज्यांच्या गुरांवर सिंह जगला, त्यांनाच सिंहासाठी घर सोडावे लागले, ही गोष्ट गीरचे गुणगान करताना सहसा सांगितली जात नाही. जी कुटुंबे अभयारण्यात राहिली त्यांच्या मारलेल्या जनावरांची भरपाई वनखाते देते; पण पंचनामा व्हावा लागतो, आणि भरपाई व दूध देणाऱ्या म्हशीचा बाजारभाव यांत अंतर राहते.

सिंह माणसावर हल्ला करीत नाही, असा एक गोड समज यात्रेकरूंत आहे. तो धोकादायक आहे. १९७८ ते १९९१ या काळात गीर परिसरात माणसांवर १९३ हल्ले झाल्याची नोंद संशोधकांनी प्रसिद्ध केली आहे. म्हणजे वर्षास सरासरी पंधरा हल्ले आणि दोन मृत्यू. १९८७-८८ च्या दुष्काळापूर्वी वर्षाला सात-आठ हल्ले होत. दुष्काळानंतर ते चाळीसपर्यंत गेले. भक्ष्य मिळेना म्हणून सिंह गावांकडे वळले, हे एक कारण. दुसरे कारण मनुष्यनिर्मित होते. पाहुण्यांना सिंह दाखविण्यासाठी रेडकू बांधून त्यास बोलाविण्याची प्रथा बरीच वर्षे चालू होती. ती १९८७ साली बंद झाली. पण माणूस म्हणजे आयते भक्ष्य, ही सवय त्या सिंहांच्या अंगी आधीच मुरली होती. आजही कोणी चोरून कोंबडी दाखवून सिंह खेळवितात आणि पैसे घेतात. हा गुन्हा आहे. असा ‘खास दर्शनाचा’ योग जुळवून देणारा कोणी भेटल्यास आपल्या मंडळींनी त्याच्या नादी लागू नये.

अलीकडे चित्र पुन्हा पालटले आहे. २०२५ च्या गणनेत सिंहांची एकूण संख्या ८९१ भरली: १९६ नर, ३३० माद्या, उरलेले तरुण आणि छावे. यांपैकी ३८४ गीर व लगतच्या अभयारण्यांत आणि ५०७ बाहेर, अशी विभागणी आहे. निम्म्याहून अधिक सिंह आज शेतांत, बागांत, ओढ्याकाठी आणि समुद्रकिनाऱ्याच्या झुडपांत राहतात. एकट्या अमरेली जिल्ह्यात तीनशेहून अधिक आहेत. अमरेली, धारी, कोडीनार ही नावे आपल्या वृद्ध सभासदांना परिचित असतील. तो बडोदे संस्थानाचा प्रांत, आणि धारीकडील गीरचा भाग गायकवाडांच्या अमलाखाली होता. तेथील शेतकरी सिंहास का सोसतो? नीलगाय आणि रानडुक्कर भुईमुगाची नासाडी करतात, आणि सिंह त्यांना धाकात ठेवतो. रात्री पाणी देण्यास गेलेला मनुष्य शेताच्या दुसऱ्या टोकास सिंह बसलेला पाहून परत येतो आणि सकाळी पुन्हा जातो. भाकड म्हणून सोडून दिलेली गुरे आणि गावाबाहेर टाकलेली मेलेली जनावरे, यांवरही सिंहाचा निर्वाह होतो. मात्र यात सिंहाचाही जीव जातो. पंचतंत्रातील सशाने सिंहास विहिरीत उडी घ्यावयास लावले. सौराष्ट्रात ससा लागत नाही, बिनकठड्याच्या विहिरी रात्रीच्या अंधारात तेच करतात. वनखात्याने आणि संस्थांनी हजारो विहिरींना कठडे बांधून दिले आहेत. पिकाभोवतीच्या विजेच्या तारा आणि पिपावाव बंदराची आगगाडी हे दुसरे दोन शत्रू होत.

सर्वांत मोठे संकट मात्र डोळ्यांना दिसत नाही. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात गीरच्या दलखाणिया भागात तीन आठवड्यांच्या सुमारास २३ सिंह मेले. त्यांतील काहींत कुत्र्यांना होणाऱ्या ‘डिस्टेंपर’ या रोगाचे विषाणू सापडले. आफ्रिकेतील सेरेंगेटीत १९९४ साली याच रोगाने सुमारे एक-तृतीयांश सिंह नेले होते. गीरच्या सिंहांना घाईने अमेरिकेहून लस आणून टोचण्यात आली आणि साथ आटोक्यात राहिली. परंतु सर्व सिंह एकाच प्रदेशात आहेत, ही गोष्ट कायम आहे. त्यांना दुसरे घर द्यावे हा विचार जुना आहे. १९५७ साली काशीजवळच्या चंद्रप्रभा अभयारण्यात एक नर व दोन माद्या सोडल्या; १९६५ पर्यंत त्यांचे अकरा झाले आणि नंतर एकही दिसेना. त्याच्याही आधी, विसाव्या शतकाच्या आरंभी, ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी आफ्रिकेतून सिंह आणवून आपल्या रानात सोडले होते. ते गुरे आणि माणसे मारू लागले, आणि त्यांचा बंदोबस्त करावा लागला. ग्वाल्हेरच्या रानातील गुराख्याला सिंहाचा शेजार ठाऊक नव्हता, आणि पिंजऱ्यातून आलेल्या त्या सिंहांनाही गुराख्याचा नव्हता.

पुढे त्याच जुन्या ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूरजवळचे कुनो हे रान गीरच्या सिंहांसाठी निवडण्यात आले. तेथील २४ गावे उठविली. बहुतेक सहरिया आदिवासींची. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१३ रोजी सिंह तेथे सहा महिन्यांत न्यावेत असा निर्णय दिला. सिंह गेले नाहीत. २०२२ च्या सप्टेंबरात तेथे नामिबियातून चित्ते आले. गुजरात सरकारचा भर पोरबंदरजवळच्या बरडा डोंगरावर आहे. तेथे २०२३ च्या आरंभी एक सिंह आपल्या पायांनी जाऊन पोहोचला आणि २०२५ च्या गणनेत १७ मोजले गेले. ही बातमी आनंदाची खरी. पण बरडा सौराष्ट्रातच आहे, आणि रोगाची साथ जिल्ह्याची सीमा पाहून थांबत नाही. ज्या सहरियांनी सिंहासाठी गाव सोडले, त्यांना काय सांगावे, हा प्रश्नही शिल्लक आहेच.

आता गिरनारास जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. पायथ्याशी, जुनागडहून भवनाथकडे जाताना उजव्या हातास सम्राट अशोकाचा शिलालेख आहे. रिक्षावाले तेथे थांबत नाहीत, त्यांना थांबवावे. त्या शिळेवर प्राणिहत्या करू नये ही आज्ञा सव्वादोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली आहे. पायऱ्यांवर रात्री एकट्याने चढू नये. मुलांना मध्ये ठेवावे. रस्ता सोडून देहधर्मास झाडीत जाऊ नये. या रानात सिंहापेक्षा बिबट्याचे भय अधिक आहे, आणि तो वाकलेल्या किंवा बसलेल्या लहान आकृतीवर झेपावतो. सिंह दिसलाच तर पळू नये, पाठ फिरवू नये, त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरावे. बॅटरीचा झोत त्याच्या डोळ्यांवर धरू नये. प्रसादाचे खरकटे आणि प्लॅस्टिक रानात टाकू नये. त्यामागे कुत्री येतात, आणि कुत्र्यांमागे बिबट्या आणि रोग. लीली परिक्रमेची ३६ किलोमीटरची वाट कार्तिक शुद्ध एकादशीपासून पौर्णिमेपर्यंतच खुली असते. अन्य दिवशी वनखात्याच्या परवानगीवाचून त्या वाटेस जाऊ नये.